नाव लिहायचं नाही

नझलत अल-देर, मल्लावीजवळ
२१ ऑक्टोबर १९८९

प्रिय वहीब मामा,

तुम्हाला आणि मामींना शांती असो. कैरोहून परत येऊन पंधरा दिवस झाले. शिबिर दहा दिवसांत संपतं पण शिकणं संपत नाही, दर महिन्याला एक अहवाल पत्राने आलाच पाहिजे, असं तुम्ही सांगितलं होतंत. भाचीला सूट नाही हेही तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणून हा पहिला अहवाल.

आधी गंमत ऐका. रविवारी उपासना संपल्यावर आमचे पाद्री अबूना विस्सा वेदीपुढे उभे राहून म्हणाले, "आपली ओल्फत मोठ्या डॉक्टरांकडून शिकून आली आहे. मन दुखणाऱ्यांशी कसं बोलायचं ते तिला येतं. ज्याला गरज असेल त्याने तिच्याकडे जावं." झालं. संध्याकाळपर्यंत आमच्या दारात सात बायका. सातही जणींचं मन सासूपायी दुखत होतं, आणि त्यांतल्या दोघी एकमेकींच्या सासू-सुना निघाल्या. उम्म सिदहुम अर्धा तास बोलली आणि मग म्हणाली, "तू नुसतं ऐकतेस? पाणी नाही, तेल नाही, काही पढून देत नाहीस? ऐकायला माझी गाढवीण पण ऐकते, तिला कुणी कैरोला नाही धाडलं." गावात आता माझ्या कामाला 'वेड्यांची शिकवणी' म्हणतात.

आता खरा अहवाल. तुम्हाला माहीत आहे, आम्ही सेवक दर शुक्रवारी चर्चची गैरहजेरीची वही घेऊन बसतो. कोण आलं नाही, त्याच्या घरी कोणी जायचं ते ठरवतो. पण मला जी सापडली ती कधीच गैरहजर नसते. दर उपासनेला बायकांच्या बाजूला पुढेच बसलेली असते. म्हणून तिच्या घरी विचारपूस करायला कधी कोणी गेलेलं नाही. मी गेले ते त्यांची परात परत द्यायला. गच्चीवर भाकरीचं पीठ उन्हात फुगायला ठेवलं होतं ते फुगून, फुटून, आंबून गेलं होतं आणि ही शेजारी बसून त्याच्याकडे बघत होती. मी म्हटलं, "अगं, पीठ गेलं की." ती म्हणाली, "हो, सकाळपासून बघतेय." धाकट्याच्या बाळंतपणापासून हे असं आहे. तेव्हापासून पहाटे चारला जाग येते, आणि कोंबड्या उठेपर्यंत पडून राहते, कारण त्याआधी उठलं तर लोक विचारतील.

इंजीलवर हात ठेवून तुमच्यापुढे शपथ घेतली आहे, नाव, नातं, घर, धंदा काही लिहायचं नाही, म्हणून लिहीत नाही. एवढंच की नवरा मानाचा माणूस आहे.

पुढे काय करू?

तुमची ओल्फत


शुब्रा, कैरो
६ नोव्हेंबर १९८९

लाडके ओल्फत,

आईने पाठवलेलं मुरवलेलं चीज पोचलं. तुझी मामी म्हणते एवढं खारट खाल्लं तर मी तुझ्या मामाला पुरेन. तरी अर्धा डबा संपला आहे.

तुझा अहवाल वर्गात सर्वांत चांगला. असियूतच्या एका सेवकाने मला चार पानं बायबलमधली वचनं लिहून पाठवली आहेत आणि शेवटी 'रुग्ण बरा वाटतो' असं. तू निदान पीठ बघितलंस.

नियम पाळलास ते छान. तो मी उगीच केलेला नाही. आपल्या लोकांत गुपित टिकत नाही. सेवकांच्या सभेत 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणून डोळे मिटून एखादीचं सगळं घर उघडं करतात, आणि डोळे उघडेपर्यंत ते बाजारात पोचलेलं असतं. म्हणून नाव मलासुद्धा नको. आणि त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिच्या अबूनांच्या कानावरही काही घालायचं नाही. कितीही भलं करायची हौस आली तरी.

तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जा. उपदेश करू नकोस. गप्प बसण्याची तिला भीती वाटणार नाही असं बस. गोळ्यांचं मागाहून बघू, इतक्यात घाई नको. स्वतः कशी आहेस तेही लिही. तुझ्या अहवालात तू कुठेच नाहीस.

तुझा मामा


नझलत अल-देर
१४ डिसेंबर १९८९

प्रिय मामा,

मी बरी आहे. शाळा, उसाच्या मळ्यातली धूळ, आणि आईचे गुडघे. माझ्यात लिहिण्यासारखं एवढंच.

तिचं लिहिते. आठवड्यातून दोनदा जाते. पहिल्या तीन वेळा ती बोललीच नाही, मी तिच्याबरोबर मसूर निवडत बसले. चौथ्यांदा म्हणाली, "तुला माझ्याकडे कोणी धाडलं?" मी म्हटलं, "कोणी नाही." मग रडली. म्हणाली, "माझ्या घरात दिवसभर लोक येतात आणि आपलं दुःख सांगतात. मी चहा करते. एकाने तरी वर बघून विचारावं, चहा कोणी केला."

नाताळचा उपास सुरू झाल्यापासून ती जास्त खालावली आहे. दुपारी तीनपर्यंत पाणी नाही, आणि तीननंतर जेवायला विसरते. नवऱ्याला मी सांगून पाहिलं. चांगला माणूस आहे, मामा, दुष्ट नाही, पण घाबरलाय. तो म्हणतो, "तिला काही झालेलं नाही. प्रार्थनेत मन लागत नाही एवढंच." रोज शंभर वेळा जमिनीला कपाळ टेकवून नमन करायला लावतो. ती करते. परवा तिच्या कपाळावर मातीचा डाग होता आणि तिला तो धुवायचं सुचलं नव्हतं. मुलीने आपल्या ओढणीने पुसला.

मला वाटतं तिला औषध हवं आहे आणि ते तुमच्यासारख्याने बघून द्यायला हवं. तिला कैरोला आणणं शक्य नाही, तिने गाव सोडलं तर सगळं गाव विचारील. तुम्ही या. आईला भेटायला आलात असं सांगता येईल. गाडीने पाच तास, मल्लावीला उतरलात की अय्यादची गाडी आहे. फोन करू शकत नाही. गावात दोनच फोन, एक गावप्रमुख उमद्याकडे आणि एक अबूनांकडे, आणि दोन्हीकडे बोलायचं तर ऐकायला पाच माणसं.

याल का ते लवकर लिहा.

तुमची ओल्फत


शुब्रा
३० डिसेंबर १९८९

लाडके,

हे पत्र एकटी असताना वाच. आईला मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

मी बावीस वर्षं हे काम करतो आहे आणि सात वर्षं सेवकांना शिकवतो आहे. या सात वर्षांत दर शिबिरातून निदान तीन जण मला अशी पत्रं लिहितात. 'एक व्यक्ती आहे.' 'माझ्या माहितीतली एक बाई आहे.' पहिल्या वर्षी मी फसलो, आता फसत नाही. ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस, ओल्फत? ती तू आहेस.

शिबिरात तिसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतःच्या दुःखावर एक पान लिहायला सांगितलं होतं, आठवतं? तुझं पान माझ्यासमोर आहे. 'पहाटे चारला जाग येते आणि कोंबड्या कधी उठतील याची वाट बघत पडून राहते.' हेच वाक्य तू तिच्या तोंडी घातलंस. वडील गेले, मग तुझी मंगनी मोडली, मग आईची दुखणी. तिला तू नवरा दिलास, मानाचा माणूस दिलास, मुलं दिलीस. जो आला नाही तोच हा. मी हसत नाहीये, पोरी. असं करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. स्वतःबद्दल बोलायला माणसाला दुसऱ्याचा आडोसा लागतो. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं आणि आपलं कोणी विचारत नाही, हे दुःख सेवकाचं असतं, भाकरी थापणाऱ्या बाईचं नसतं.

सात तारखेला आपला नाताळ झाला की इकडे ये. मामी तुझी खोली तयार करते आहे. महिनाभर राहा, आपण बोलू.

तुझा मामा


नझलत अल-देर
१२ जानेवारी १९९०

मामा,

ती मी नाही.

किती सरळ लिहू? माझी मंगनी मोडली त्याचं मला वाईट वाटलं, रडले, वर्षभरात विसरले. तो आता मिन्यात रंगाचं दुकान चालवतो आणि त्याला पोट सुटलंय. पहाटे चारला आमच्या गावातल्या अर्ध्या बायका जाग्या असतात. पहाटेच्या गाडीचा भोंगा चारला वाजतो म्हणून मला जाग येते, तिला तो वाजायच्या आधीच आलेली असते. कोंबड्यांची वाट सगळ्याच बघतात. कैरोत कोंबड्या दुकानात मिळतात म्हणून तुम्हाला ते एकट्या माझं वाटलं.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय तुमचं. रागाने लिहिते आहे, माफ करा, पण राग यायला वेळ आहे म्हणून नाही, वेळ नाही म्हणून येतोय. नाताळच्या दिवशी सगळं गाव त्यांच्या घरी शुभेच्छा द्यायला गेलं. ती हसत होती. सगळ्यांना तिने बिस्किटं दिली. मग मला आतल्या खोलीत नेऊन म्हणाली, "माझ्या कानातले मी मुलीच्या कापडात बांधून ठेवलेत. निळ्या पेटीत. तू लक्षात ठेव." मी विचारलं, कशासाठी. म्हणाली, "कोणाला तरी माहीत असावं." तुमच्याच शिबिरात शिकले की माणूस आपल्या वस्तू वाटायला लागला तर झोपायचं नाही. मी सरळ विचारलं, तू जीव द्यायचा विचार करतेस का. ती म्हणाली, "ते पाप आहे." नाही म्हणाली नाही.

मला नाव लिहायची परवानगी द्या. शपथ तुमच्यापुढे घेतली, ती तुम्हीच सोडवू शकता. नाव कळलं की तुम्हाला सगळं एका क्षणात समजेल, ती का कुठे जाऊ शकत नाही तेही. उलट टपाली लिहा.

ओल्फत


शुब्रा
२५ जानेवारी १९९०

लाडके ओल्फत,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'ती मी नाही' या तीन शब्दांनी सुरू होणारं पत्र मला नवीन नाही. प्रत्येक जण असंच लिहितो आणि जितका जास्त चिडतो तितकी माझी खात्री वाढते. रागावू नकोस, हा माझा धंदा आहे.

परवानगी देणार नाही. तू घाईत कुठल्या तरी शेजारणीचं नाव लिहिशील आणि मग त्या बिचारीला ते चिकटेल. नाव मला माहीत आहे.

पण कानातल्यांच्या गोष्टीने मी घाबरलो. तू कोणाच्याही तोंडून सांग, ते वाक्य खरं आहे आणि ते वाक्य मी हलक्याने घेणार नाही. म्हणून मी एक गोष्ट केली आहे जी एरवी करत नाही. तू तिकडे एकटी, ताईला सांगावं तर तिची तब्येत नाजूक. मी अबूना विस्सांना लिहिलं. गुप्त म्हणून लिहिलं. तुझ्यावर ताण आहे, घरभेटींचं काम काही महिने तुझ्याकडून काढून घ्यावं, दुसऱ्यांच्या दुःखापासून तुला लांब ठेवावं, आणि तू कोणा बाईच्या आजाराबद्दल बोललीस तर वाद न घालता ऐकून घ्यावं, एवढंच. त्यांचं उत्तर लगेच आलं. फार समंजस माणूस आहे. तुझी काळजी घेतो म्हणाले.

तू रागावशील. बरी झालीस की हसशील.

तुझा मामा


नझलत अल-देर
१० फेब्रुवारी १९९०

डॉक्टर वहीब,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. अय्याद शुक्रवारी उसाचा गूळ घेऊन कैरोला येतोय, तो तुमच्या हातात देईल.

तुमच्या गुप्त पत्राचं काय झालं ते आधी सांगते. मागच्या शुक्रवारी सेवकांच्या सभेत अबूनांनी माझ्या हातातून वही घेतली आणि म्हणाले, "आपली बहीण ओल्फत थकली आहे. तिच्या मनाला आजार आहे, तिचे मामा स्वतः डॉक्टर आहेत, त्यांनीच कळवलंय. ती काही बोलली तर मनावर घेऊ नका. चला, तिच्यासाठी प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले. अकरा माणसांनी माझं नाव घेऊन माझ्या डोक्यासाठी प्रार्थना केली आणि मी मध्ये बसले होते. संध्याकाळी उम्म सिदहुम सूप घेऊन आली. शाळेच्या हेडमास्तरांनी विचारलं, रजा हवी का. आई दोन दिवस जेवली नाही. ती म्हणते, भावाने लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

हे मी सहन करीन. माझं काही जात नाही.

पण आता शपथ मोडते. परमेश्वर मला आणि तुम्हाला काय ते विचारील. तिचं नाव मार्सा. ती अबूना विस्सांची बायको आहे. तुम्ही ज्यांना लिहिलंत त्यांचीच. ज्यांच्या घरी दिवसभर लोक दुःख सांगायला येतात ते हेच घर. अबूनांना तुमचं पत्र मिळालं आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं, मामा. ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. आजारी कोण ते एकदा कागदावर आलं आणि ते त्यांच्या घरचं नव्हतं. मी कोणा बाईच्या आजाराबद्दल बोलले तर नुसतं ऐकून घ्यावं, हे तुम्हीच लिहिलंत. त्यांनी ऐकून घेतलं. आणि माझ्यासाठी त्यांचं दार बंद केलं, कारण दुसऱ्यांच्या दुःखापासून मला लांब ठेवायचं आहे.

ते वाईट नाहीत. अबूनांची बायको वेडी निघाली तर गाव कोणाकडे जाणार? आणि ती गेली तर अबूनांना नियमाने दुसरं लग्न नाही, दोन मुलं घेऊन मरेपर्यंत एकटे. ते इतके घाबरलेत की त्यांनी बघायचंच सोडलंय. मी दाराबाहेरून हाक मारली तेव्हा मार्सा आतून म्हणाली, "ओल्फत, तू बरी हो. मी तुझ्यासाठी प्रार्थना करते." तिलाही सांगितलंय.

एकोणीस तारखेला मोठा उपास सुरू होतोय. पंचावन्न दिवस. तिच्यात एवढं बळ नाही. त्याआधी या.

ओल्फत


शुब्रा
१९ फेब्रुवारी १९९०

ओल्फत,

अय्यादने पत्र शुक्रवारी दुपारी दिलं. मी ते रविवार रात्रीपर्यंत उघडलं नाही. हे मी लपवू शकलो असतो, लपवत नाही. वाटलं, तू रागाने काहीबाही लिहिलं असशील, आणि रागाची पत्रं थोडी निवू द्यावीत असं मीच तुम्हाला शिकवतो.

काल वाचलं. मग तुझी आधीची सगळी पत्रं काढून वाचली. चहा कोणी केला, हे वाक्य मी लाल शाईने खुणावून शेजारी लिहिलं होतं, 'स्वतःबद्दल'. अबूना विस्सांचं नाव तुझ्या पहिल्याच पत्रात आहे, आणि त्याच पत्रात ती पुढे बसणारी, कधी गैरहजर नसणारी बाई आहे. माझ्या वर्गातल्या कच्च्या पोरानेही ओळखलं असतं.

शुक्रवारच्या सकाळच्या गाडीने येतो. गुरुवारपर्यंत माझी परीक्षेची बैठक आहे, ती मोडता येत नाही. गोळ्या बरोबर आणतो. अबूनांशी मी बोलेन, त्यांना मी दुखावणार नाही. तोपर्यंत तिला एकटं सोडू नकोस. तुला आत येऊ देत नाहीत हे मला कळतं, तरी काहीतरी कर.

तुझा मामा


नझलत अल-देर
२६ फेब्रुवारी १९९०

मामा,

'येऊ नका' अशी तार केली होती ती मिळाली असेल. तुमचं पत्र त्यानंतर आलं.

मार्सा मंगळवारी वीस तारखेला दुपारी गेली. उपासाचा दुसरा दिवस. कशी गेली ते लिहीत नाही. मी शाळेत होते. तिची मुलगी माझ्या वर्गात आहे, तिला बोलवायला शिपाई आला तेव्हा ती फळ्यावर गणित सोडवत होती.

चर्चचं दार उघडलं नाही. बिशपांकडून निरोप आला, अशा मरणाला प्रार्थना नाही, नियम आहे. ज्यांनी बारा वर्षं या गावातल्या प्रत्येक मेलेल्यासाठी प्रार्थना म्हटली, त्यांना स्वतःच्या बायकोसाठी म्हणता आली नाही. तिला तशीच पुरली. चार माणसं, अय्यादची गाडी, आणि कबरस्तानात अबूना काळ्या झग्यात मातीवर बसलेले. तिसऱ्या दिवशी घरी पाणी आणि धूप घेऊन प्रार्थना करतात तीही झाली नाही. त्यांच्या घरी भाकरी नेऊन द्यायलाही लोक कचरत होते. उम्म सिदहुम तेवढी गेली. म्हणाली, "नियम माणसांना आहे, पोरांच्या पोटाला नाही."

काल अबूना आमच्याकडे आले. आईने चहा ठेवला, त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "बिशपांच्या कचेरीतून सांगितलंय, डॉक्टरचा दाखला आणा, की तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बरेच दिवस आजारी होती. मग चाळिसाव्याला चर्च उघडू देतील, सगळी प्रार्थना होईल. तुझ्या मामांना लिही."

मी म्हटलं, "अबूना, दोन आठवड्यांपूर्वी वेडी मी होते."

ते म्हणाले, "हो."

"तुम्ही म्हणत होता तिला काही झालेलं नाही."

"हो," म्हणाले. "आता लिही की झालं होतं. मुलीला शाळेत विचारतात तुझी आई नरकात आहे का. तुझ्या पाया पडतो, ओल्फत, लिही."

मला त्यांची कीव आली आणि त्यांचा गळा धरावासाही वाटला. दोन्ही खरं आहे. तर लिहिते आहे. तुम्ही तिला एकदाही पाहिलेलं नाही, पण तुमच्याकडे माझी पत्रं आहेत, तुमच्या शिक्क्याला बिशप मानतात. चाळिसावा एकतीस मार्चला आहे. दाखला द्या.

ओल्फत


शुब्रा
२ मार्च १९९०

ओल्फत,

दाखला सोबत आहे. तीन प्रती, शिक्का, सही. तिला तीव्र उदासीनतेचा आजार होता, ती ऑक्टोबरपासून माझ्या देखरेखीखाली होती आणि शेवटी तिला स्वतःच्या कृतीची समज नव्हती, असं लिहिलं आहे. शिबिरापासूनची तुझी फाईल पुढ्यात ठेवून, एका बैठकीत लिहून काढला. यातलं अर्धं खोटं आहे हे तुला आणि मला माहीत आहे. देखरेख कसली, मी तुझ्यावर पहारा केला.

मी झोपत नाही. तुला हे सांगायचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. मेमध्ये नवं शिबिर आहे. यावेळी त्यांना हीच केस शिकवणार आहे, नाव न घेता, माझी चूक पूर्ण उघडी करून. त्यातून कोणी एक जरी वाचलं तर. तू येऊन बोललीस तर त्यांना जास्त उपयोग होईल.

ताईला सांग, भावाचं चुकलं.

वहीब


नझलत अल-देर
३ एप्रिल १९९०

मामा,

आईला सांगितलं. ती म्हणाली, त्याला जेवायला सांग, तो काळजीत जेवत नाही. ती अजून मला रात्री दोनदा उठून बघून जाते.

शनिवारी चाळिसावा झाला. बिशप स्वतः आले. चर्च इतकं भरलं होतं की बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या, ज्या महिनाभर त्या घरावरून मान वळवून जात होत्या त्याही. त्यांच्या सेक्रेटरीने आधी तुमचा दाखला मोठ्याने वाचला, सगळ्यांना कळावं म्हणून. मग बिशप तिच्या सहनशीलतेबद्दल बोलले, म्हणाले, ही आपली बहीण मनाच्या आजाराशी शांतपणे झुंजत होती आणि आपण तिला ओळखलं नाही. बायका रडल्या. अबूनांनी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. तिच्या कानात ते कानातले होते, मी निळ्या पेटीतून काढून दिले.

बिशप जाताना मला म्हणाले, आता आपल्याकडेही असा वर्ग हवा, तू शिकव. मी म्हटलं, गावाच्या मते मी अजून आजारी आहे. ते हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मेमध्ये तुमच्याकडे मी येणार नाही.

तुमचा कागद चार दिवसांत लिहून झाला. तिने चार महिने वाट पाहिली. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, हिशोबच तसा आहे.

दाखल्याची एक प्रत अबूनांनी मला ठेवायला दिली. घरी येऊन नीट वाचली. सेक्रेटरीने वाचली, बिशपांनी वाचली, अबूनांनी तर कितीदा वाचली असेल, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. नाव बरोबर आहे, मार्सा फहीम. आजार बरोबर आहे. वयाच्या जागी तुम्ही फाईलवरून अडतीस उतरवलं आहे. मार्सा एकतीस वर्षांची होती. अडतीस माझं वय आहे.

ओल्फत